हेल्मेट, स्वातंत्र्य आणि श्रमिकाचे डोके

महाराष्ट्रात हेल्मेटचा विषय निघाला की चर्चा बहुधा एकाच वळणावर येऊन थांबते. महामार्गावर हेल्मेट हवे, हे बहुतेकांना मान्य असते. परंतु शहरात, गल्लीबोळांत, किराणा दुकानापर्यंत किंवा मुलाला शाळेत सोडण्यापुरते जायचे असेल आणि गाडीचा वेग ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वर जातच नसेल, तर डोक्यावर ते ओझे कशासाठी, असा सवाल केला जातो. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात पोलिसांनी सक्तीची अंमलबजावणी सुरू केली, तेव्हा तिच्या निषेधार्थ हेल्मेट न घालता मोर्चा निघाला होता. पुरोगामी चळवळीतील माणसांनाही हा विरोध जवळचा वाटतो. एक तर पोलिसी दंडेलीविषयी त्यांच्या मनात रास्त संशय असतो. दुसरे म्हणजे रस्ते सुधारण्याऐवजी नागरिकालाच दंड करणारे शासन त्यांना दांभिक वाटते. या दोन्ही भावनांमध्ये तथ्य आहे. म्हणूनच मूळ प्रश्न भावनेच्या बाहेर काढून तपासणे आवश्यक आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४,८९७, म्हणजे शेकडा ४४ हून अधिक, दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. त्यांत ३५,६९२ चालक आणि १४,३३७ मागे बसलेले होते. दिवसाला सरासरी १३७ मृत्यू, असा याचा अर्थ होतो. हेल्मेट असते तर ही सर्वच्या सर्व माणसे वाचली असती, असे कोणी म्हणणार नाही. छाती चिरडली गेली तर हेल्मेटचा काय उपयोग? परंतु अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेचा निष्कर्ष असा आहे की, हेल्मेटमुळे अपघातात सापडलेल्या दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका शेकडा ४२ ने आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका शेकडा ६९ ने घटतो. हे प्रमाण आपल्याकडे ढोबळमानाने लावले तरी वर्षाला वीस हजारांच्या आसपास जीव वाचण्याजोगे होते, असे दिसते. एखाद्या साथीत इतकी माणसे दगावली असती तर विधिमंडळे दणाणून गेली असती.

वेग गाडीचा आणि वेग पडण्याचा

'हळू चालवतो, मग हेल्मेट कशाला?' या प्रश्नात एक साधी गफलत आहे. डोक्याला इजा करणारा वेग हा नेहमी गाडीचाच असतो, असे त्यात गृहीत धरलेले असते. स्कूटरवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असते. गाडी जागच्या जागी उभी असताना तोल जाऊन माणूस कोसळला आणि त्याचे डोके त्या उंचीवरून विनाअडथळा जमिनीवर आले, तर ते ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने आदळते. हा गुरुत्वाकर्षणाचा हिशेब आहे. गाडीचा वेगमापक शून्यावर असला तरी त्यात बदल होत नाही. डांबर, काँक्रीट किंवा फूटपाथचा दगडी काठ यांवर कवटी आपटण्यास हा वेग पुरेसा घातक आहे. पावसाळ्यात चिखलावरून चाक घसरणे, खड्डा चुकवताना तोल जाणे, अचानक कुत्रे आडवे येणे, उभ्या मोटारीचे दार एकाएकी उघडले जाणे हे सारे अपघात मंद वेगातलेच आहेत.

हेल्मेटचे कार्यही याच हिशेबातून समजते. त्याचे बाहेरचे कवच आघात पसरवते आणि आतला थर्माकोलसारखा थर दबून चिरडला जातो. उघडे डोके दगडावर दोन-तीन मिलिमीटरांत थांबत असेल, तर या थरामुळे ते दोन-अडीच सेंटिमीटरांत थांबते. थांबण्याचे अंतर दहापट वाढले की मेंदूवर येणारा आघात त्याच प्रमाणात कमी होतो. प्रयोगशाळेत हेल्मेटची परीक्षा घेताना ते ज्या वेगाने लोखंडी ऐरणीवर आदळवतात तो वेगही ताशी शंभर किलोमीटर नसतो. युरोपीय मानकात तो बराच काळ ताशी २७ किलोमीटर एवढाच होता. म्हणजे ज्या वेगात हेल्मेट अनावश्यक मानले जाते, जवळपास त्याच वेगातील आघातासाठी त्याची रचना केलेली असते.

जवळचे अंतर

आता अंतराचा मुद्दा पाहू. अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरात प्राध्यापक हॅरी हर्ट यांनी सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात दोन गोष्टी ठळकपणे नोंदल्या आहेत. पहिली ही की, बहुसंख्य अपघात बाजारहाट, किरकोळ कामे, मित्राकडे जाणे अशा छोट्या फेऱ्यांत आणि निघाल्यानंतर थोड्याच वेळात घडले. दुसरी ही की, प्रत्यक्ष टक्कर होतानाच्या वेगाचा मध्यांक ताशी सुमारे ३५ किलोमीटर होता. तो देश मोठमोठ्या रस्त्यांचा आणि भरधाव वाहनांचा; तरीही तेथील निष्कर्ष असा आहे.

हेल्मेटच्या इतिहासातील एक महत्त्वाचे वळणही एका छोट्या फेरीपासूनच आले आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात बोव्हिंग्टनच्या लष्करी छावणीपासून दोन-तीन किलोमीटरवरच्या आपल्या घराकडे मोटारसायकलवरून परतत होते. सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना ते फेकले गेले आणि डोक्याच्या जखमेने सहा दिवसांनी मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. या मृत्यूनंतर केर्न्स यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास हाती घेतला. १९४१ मध्ये त्यांनी आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सर्वसामान्य नागरिकांसाठी ब्रिटनमध्ये हा नियम येण्यास मात्र १९७३ साल उजाडावे लागले. सैनिकाच्या डोक्याची किंमत राज्यकर्त्यांना तीन दशके आधी कळली, याचे कारण उघड आहे. सैनिकाच्या शिक्षणावर सरकारचा पैसा खर्च झालेला होता.

स्वातंत्र्याचा प्रश्न

'माझे डोके, माझी जबाबदारी' या भूमिकेमागे उदारमतवादाची मोठी परंपरा उभी आहे. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्ये मांडले की, दुसऱ्याला अपाय होत असेल तरच व्यक्तीवर बंधन घालण्याचा समाजाला अधिकार आहे. हे तत्त्व मोलाचे आहे आणि समाजवाद्यांनी ते सहजासहजी सोडू नये. प्रश्न एवढाच की, दुचाकीस्वाराच्या डोक्याला झालेली जखम ही खरोखर त्याच्यापुरतीच राहते काय?

ज्या घरात मोटार आहे, बँकेत ठेव आहे, दुसरा कमावता माणूस आहे, तेथे अपघात हे दुःख असते. ज्या घरात एकच मिळवता हात आहे, तेथे तो दिवाळखोरीचा आरंभ असतो. मेंदूला मार बसलेला माणूस वाचला तरी महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो. त्याची शुश्रूषा बायको किंवा आई करते, म्हणजे तिचीही मजुरी बुडते. मुलीची शाळा सुटते, शेताचा तुकडा किंवा दागिना गहाण पडतो. केंद्र शासनाने मे २०२५ मध्ये अपघातग्रस्तांसाठी विनारोकड उपचारांची योजना अधिसूचित केली. तिची मर्यादा दीड लाख रुपये आणि सात दिवस अशी ठेवण्यात आली. योजना स्वागतार्ह आहे. परंतु मेंदूच्या दुखापतीचा खर्च आठव्या दिवशी संपत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, हेल्मेट न घालण्याचा निर्णय एकाचा असतो आणि त्याची किंमत मोजणारे अनेक असतात, ज्यांचे मत कोणी विचारलेले नसते. त्यांत मागच्या सीटवर बसणाऱ्या चौदा हजार मृतांचीही गणना केली पाहिजे. त्यांच्या हाती तर गाडीचे हँडलही नव्हते.

अंगावरची इतर साधने

हेल्मेट ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट असली, तरी ती एकटी पुरेशी नाही. पडणारा माणूस सहजप्रवृत्तीने आधी हात पुढे टेकतो. तळहाताची कातडी खडीवर सोलून निघाली तर कार्यालयात बसणाऱ्याला काही दिवस पट्टी बांधावी लागेल. गवंडी, सुतार, शिंपी, यंत्रमागावरचा कामगार यांची मात्र तेवढ्या दिवसांची रोजी जाते. जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जाड कापडाचा सदरा, घोटा झाकणारे बूट या गोष्टी येथे चैनीच्या समजल्या जातात आणि माणसे रबरी चपलेवर गाडी चालवतात. स्त्रियांच्या बाबतीत साडीचा पदर किंवा ओढणी चाकात अडकण्याचा धोका वेगळाच आहे. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकलेला असावा, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांत म्हटलेले आहे. ते झाकण गाडी 'देखणी' दिसावी म्हणून काढून टाकणारेही कमी नाहीत. पट्टा न लावता नुसते डोक्यावर ठेवलेले हेल्मेटही पहिल्याच धक्क्यात उडून जाते. त्याने दंड वाचतो, एवढेच.

जबाबदारी कोणाची?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने हेल्मेट बंधनकारक केले आणि पगडी घालणाऱ्या शिखांना त्यातून सूट दिली. २०१९ च्या दुरुस्तीने हे बंधन चार वर्षांवरील प्रत्येकासाठी असल्याचे नमूद केले. अंतर कमी किंवा वेग कमी म्हणून सूट, अशी तरतूद कायद्यात नाही. परंतु केवळ दंडाची पावती फाडून शासनाचे कर्तव्य पूर्ण होत नाही, हे सक्तीच्या विरोधकांचे म्हणणे बरोबरच आहे. खड्डे बुजवणे, वेळेवर धावणारी सार्वजनिक बससेवा देणे, पदपथ मोकळे ठेवणे हे काम शासनाचे आणि नगरपालिकांचे आहे. सामान्य माणूस हौसेने दुचाकीवर बसत नाही; बस येत नाही म्हणून बसतो. जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला, तेव्हा हेल्मेटवर १८ टक्के कर बसवण्यात आला. जी वस्तू कायद्याने घ्यावीच लागते आणि जी जीव वाचवते, तिच्यावर कर आकारण्याचा नैतिक अधिकार शासनाला आहे काय? प्रमाणित हेल्मेट करमुक्त करणे आणि रस्त्याच्या कडेला विकल्या जाणाऱ्या बनावट आयएसआय शिक्क्याच्या टोप्यांचा कारखान्यातच बंदोबस्त करणे, या मागण्या चळवळीने लावून धरल्या पाहिजेत. मात्र खड्डे बुजेपर्यंत डोके उघडे ठेवणे हा शासनाचा निषेध नव्हे. त्याची शिक्षा शासनाला होत नाही.

सर्वांत मोठा प्रश्न घरोघरी माल पोचवणाऱ्या तरुणांचा आहे. त्यांचे सारे आयुष्यच छोट्या फेऱ्यांचे बनलेले आहे. दोन किलोमीटर जायचे आणि दोन किलोमीटर परत यायचे, असे दिवसातून तीस वेळा. कारखान्यात कामगाराला संरक्षक साधने मालकाने पुरवावीत, हे तत्त्व कामगार चळवळीने दीर्घ लढ्यातून प्रस्थापित केले. या तरुणांना मात्र 'भागीदार' म्हणून संबोधून मालक त्या जबाबदारीतून निसटू पाहतो. फेरीमागे पैसे मिळत असल्याने हेल्मेट काढण्या-घालण्यात जाणारा वेळ त्यांना नुकसानीचा वाटतो. उक्त्या कामावरचा कामगार यंत्राचे संरक्षक झाकण काढून ठेवी, ते याच कारणाने. तेव्हा संघटनांनी कामगाराला दोष देऊन हात झटकले नाहीत. दर आणि साधने या दोन्हींसाठी त्या लढल्या. चांगले हेल्मेट, हातमोजे, बूट व पावसाळी अंगरखा कंपनीने विनामूल्य द्यावा, आणि वेळेच्या बंधनापायी कोणाचीही मजुरी कापली जाऊ नये, ही मागणी आज त्याच परंपरेत बसते.

शेवटी एक गोष्ट कार्यकर्त्यांना स्पष्टपणे सांगितली पाहिजे. निवडणूक असो वा आंदोलन, पक्षोपपक्षांच्या मोटारसायकल फेऱ्या निघतात. गाडीला झेंडा बांधलेला, एका गाडीवर तिघे बसलेले आणि सर्वांची डोकी उघडी, हे दृश्य सर्वत्र सारखेच असते. फेरीचा वेग बैलगाडीइतकाच असतो, हे त्याचे समर्थन. रात्री बैठक आटोपून शेजारच्या गावी परतणारा कार्यकर्ताही 'इथे तर जायचे आहे' म्हणत हेल्मेट भिंतीवरच्या खुंटीला ठेवून निघतो. दोन गाड्यांची चाके एकमेकांत अडकायला वेग लागत नाही, आणि गावाबाहेरच्या अंधारात पुढची ट्रॉली दिसायला झेंडा उपयोगी पडत नाही. चळवळीकडे पैसा कमी आहे, माणसे त्याहून कमी आहेत. पक्षाच्या शाखांनी पुढच्या फेरीत हेल्मेटशिवाय कोणालाही सामील करून घेऊ नये, एका गाडीवर दोघांहून अधिक बसू देऊ नयेत, आणि बैठकीहून निघणाऱ्या प्रत्येकाने, घर कितीही जवळ असो, पट्टा बांधूनच गाडी सुरू करावी. एवढे ठरवण्यासाठी कोणत्याही सरकारी अध्यादेशाची वाट पाहावी लागणार नाही.