सुट्टी कोणाची, किनारा कोणाचा?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की शहरांतील मध्यमवर्गीय घरांत एक प्रश्न हमखास निघतो. यंदा समुद्र पाहायचा तो कोणता? मालवणचा की फुकेतचा? गणपतीपुळ्याचा की मालदीवचा? वरवर पाहता हा ज्याच्या त्याच्या आवडीचा आणि ऐपतीचा प्रश्न आहे, आणि राजकीय कार्यकर्त्यांनी त्यात लक्ष घालण्याचे काही कारण दिसत नाही. परंतु गेल्या काही वर्षांत सत्ताधारी पक्षाने आणि त्याच्या समर्थकांनीच या खाजगी प्रश्नाला देशभक्तीच्या कसोटीचे रूप दिले आहे. घरच्या किनाऱ्यावर जाणारा तो देशाभिमानी आणि परदेशी जाणारा तो उधळ्या, अशी सोपी वाटणी होऊ लागली आहे. तेव्हा ही कसोटी खरी की खोटी, हे तपासणे अगत्याचे ठरते.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी देशवासीयांना २०२२ पर्यंत देशातील किमान पंधरा स्थळे पाहण्याचे आवाहन केले. त्या आवाहनात गैर काहीच नव्हते. पुढे जानेवारी २०२४ मध्ये ते लक्षद्वीपला गेले. त्यावर मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी अनुदार उद्गार काढले आणि मालदीववर बहिष्कार घालण्याची हाकाटी सुरू झाली. २०२३ मध्ये दोन लाखांहून अधिक भारतीय पर्यटक मालदीवला गेले होते. २०२४ मध्ये ती संख्या सुमारे एक लाख तीस हजारांवर आली. मात्र जुलै २०२५ मध्ये त्याच मालदीवच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्धापनदिनी पंतप्रधान प्रमुख पाहुणे म्हणून उपस्थित राहिले आणि ४,८५० कोटी रुपयांचे कर्जसाहाय्य जाहीर झाले. शेजाऱ्याशी बिघडलेले संबंध सुधारले, हे योग्यच झाले. परंतु ज्यांनी दीड वर्षापूर्वी तिकिटे रद्द करून देशसेवेचे समाधान मिळवले होते, त्यांना या बदलाचा अर्थ समजावून सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही. असल्या हंगामी देशभक्तीवर कुटुंबाची सुट्टी आणि देशाचे धोरण, दोन्ही बेतणे सारखेच घातक आहे.

शिवाय ज्या लक्षद्वीपकडे बोट दाखवण्यात आले, त्याचे एकूण क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर आहे. दहा बेटांवर वस्ती असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ६४ हजार होती. प्रवाळाच्या या बेटांवर गोड्या पाण्याचा साठा तुटपुंजा आहे. २०२१ मध्ये विकास प्राधिकरणाच्या नियमावलीचा मसुदा पुढे आला, तेव्हा आपल्या जमिनी जातील या भीतीने तेथील लोकांनी घरोघरी उपोषण केले होते. देशभरच्या उत्साहाचा लोंढा या बेटांवर लोटला तर देशाभिमान शाबूत राहील, बेटे मात्र राहणार नाहीत.

दुसऱ्या बाजूचाही विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. परदेशी जाणाऱ्यांत मिरवण्याची हौस असणारे आहेत, हे खरे. तथापि प्रत्येक कुटुंब त्याच हौसेने जाते असे समजणे अन्यायाचे होईल. एके काळी परकीय चलनावर कडक निर्बंध होते. १९७३ च्या कायद्याची जागा १९९९ च्या नव्या कायद्याने घेतली आणि २००४ पासून व्यक्तीला वर्षाकाठी २५ हजार डॉलर बाहेर नेण्याची मुभा मिळाली; पुढे ती अडीच लाख डॉलरपर्यंत वाढली. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसावाचून प्रवेश खुला केला. इकडे कोकणात काय स्थिती आहे? २०११ साली सुरू झालेले मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम दशक उलटून गेले तरी रेंगाळत राहिले. गणपती आणि मे महिन्यात रेल्वेचे आरक्षण खिडकी उघडताच संपते. ऐन हंगामात खोल्यांची भाडी वाटेल तशी चढतात. किनाऱ्यावर स्वच्छतागृह नाही, स्त्रियांना कपडे बदलण्यासाठी आडोसा नाही, बुडणाऱ्याला वाचवणारा माणूस नाही, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. अशा वेळी चार माणसांचे कुटुंब दोन्हीकडच्या खर्चाचा आणि मनस्तापाचा हिशेब मांडून परदेशाची वाट धरत असेल, तर त्याला देशद्रोही ठरवण्यापूर्वी ज्यांच्याकडे हा किनारा सोपवला आहे त्यांना जाब विचारला पाहिजे.

या बाबतीत इंग्लंडचा अनुभव बोधप्रद आहे. १९३८ च्या पगारी रजेच्या कायद्यानंतर आणि विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील कामगार कुटुंबे आठवडाभर ब्लॅकपूल, स्केग्नेस, मार्गेट अशा समुद्रकाठच्या गावी जाऊ लागली. पुढे विमानप्रवास स्वस्त झाला, आणि हमखास ऊन व कमी खर्च यांमुळे हीच कुटुंबे स्पेनच्या किनाऱ्याकडे वळली. १९६६ साली पौंडाची घसरण थोपवण्यासाठी मजूर पक्षाच्या विल्सन सरकारने परदेशी सहलीसाठी बरोबर नेण्याच्या रकमेवर ५० पौंडांची मर्यादा घातली. ती १९७० मध्ये उठवावी लागली. स्पेनकडचा ओघ त्या बंधनाने आटला नाही. घरच्या किनाऱ्यावरील गावे मात्र ओस पडू लागली, आणि २०१९ च्या सरकारी पाहणीत ब्लॅकपूलची गणना इंग्लंडमधील सर्वांत वंचित भागांत झाली. तिकडे स्पेनमध्ये बेनिडॉर्मसारख्या कोळ्यांच्या गावाच्या जागी उंच इमारतींचे रान उभे राहिले. बंधनाने लोक घरच्या किनाऱ्यावर थांबत नाहीत, आणि लोकांनी पाठ फिरवली की तेथील श्रमिकांचे हाल होतात, हे दोन्ही धडे या इतिहासात आहेत.

परंतु देश की परदेश हा प्रश्न ज्यांना पडतो, ते मुळात भाग्यवान. या देशातील बहुसंख्य श्रमिकांना समुद्र निवडण्याचा प्रश्न पडतच नाही, कारण त्यांना सुट्टीच नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची एक सुट्टी मिळवण्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली झगडावे लागले, तेव्हा कोठे १८९० साली मालकांनी रविवार सोडला. त्या कामगाराच्या लेखी पुढे सुट्टी म्हणजे शिमग्याला आणि गणपतीला गावी जाणे. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीत दाटीवाटीने बसून तो कोकणात उतरे. ज्या किनाऱ्याला आज पर्यटनस्थळ म्हणतात ते त्याचे घर होते. फ्रान्समध्ये १९३६ साली ब्लूम यांच्या लोकआघाडी सरकारने दोन आठवड्यांची पगारी रजा आणि रेल्वेच्या भाड्यात सवलत दिली, तेव्हा तेथील हजारो कामगारांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. भारतीय संविधानाच्या ४३ व्या अनुच्छेदाने कामगाराला निर्वाह वेतनाबरोबरच फुरसतीचा पूर्ण उपभोग मिळवून देण्याचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य राज्यावर सोपवले आहे. फुरसत हा शब्द घटनाकारांनी तेथे विचारपूर्वक घातला.

त्या शब्दाचे पुढे काय झाले? १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम करणाऱ्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. नव्या संहितेत ही अट १८० दिवसांवर आली आहे. परंतु देशातील दहांपैकी सुमारे नऊ श्रमिक असंघटित क्षेत्रात आहेत. त्यांच्यापर्यंत ही रजा पोहोचत नाही. सरकारी नोकराला रजा प्रवास सवलत मिळते. ती देशातील प्रवासापुरतीच आहे, परदेशी फेरा घालून घेतलेल्या सवलतीवर कर माफ होणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. घरोघर सामान पोहोचवणाऱ्या तरुणाला, बांधकामावरच्या मजुराला, धुणीभांडी करणाऱ्या बाईला या चर्चेत जागाच नाही. आणि सहलीला जाणाऱ्या घरातही सर्वांना सुट्टी सारखी मिळत नाही. किनारा कोणताही असो, मुलांचे जेवण आणि सासूसासऱ्यांची औषधे सांभाळणारी गृहिणी घरचेच काम जागा बदलून करत असते.

आता किनाऱ्याकडे वळू. १९३० साली शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. समुद्र आणि त्याचे मीठ कोणा सरकारची मिरास नाही, हा त्याचा आशय होता. त्याच शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्यावर नव्वदच्या दशकात पंचतारांकित प्रकल्पासाठी जमीन घेण्यात आली आणि गावकऱ्यांना पुन्हा संघर्षात उतरावे लागले. भरतीरेषेपासून पाचशे मीटरचा पट्टा मोकळा ठेवावा, असे इंदिरा गांधींनी १९८१ मध्ये मुख्यमंत्र्यांना कळवले होते. त्यातूनच १९९१ ची किनारा नियमन अधिसूचना निघाली. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीचा पट्टा दोनशे मीटरवरून पन्नास मीटरवर आणला. ही जागा कोणासाठी मोकळी झाली? कोळ्याच्या वाढत्या कुटुंबाला घर बांधण्यासाठी ती मिळाली तर स्वागतच आहे. धनिकाच्या विश्रामगृहाच्या कुंपणासाठी ती गेली, तर रापण ओढायला आणि मासळी वाळत घालायला वाळू उरणार नाही. रापणीच्या दोराला हात लावणाऱ्याला मासळीचा वाटा देण्याची रीत ज्या किनाऱ्याने जपली, त्याच किनाऱ्यावर मूळ रहिवासी पाहुण्यांचा हमाल होऊन राहावा, असा विकास नाकारलाच पाहिजे.

मालदीवचा इतिहासही हेच सांगतो. १९७२ पासून तेथे निर्जन बेटांवर श्रीमंती रिसॉर्टे उभी राहिली. पाहुणे एका बेटावर आणि रहिवासी दुसऱ्या. २००८ नंतरच्या लोकनियुक्त राजवटीत वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहे काढण्याची वाट खुली झाली, तेव्हा कोठे सामान्य कुटुंबांच्या हाती या व्यवसायाचा पैसा थेट येऊ लागला. म्हणजे परदेशी जाणाऱ्या कुटुंबालाही विवेकाची निवड उपलब्ध आहे. ज्याच्या घरी उतरावे त्याच्या हाती पैसा पडतो की दूरच्या भागधारकाच्या, हा प्रश्न मालेजवळच्या बेटावर जितका खरा आहे तितकाच देवबागला खरा आहे.

घरच्या किनाऱ्यावर याचे चांगले उदाहरण मंडणगड तालुक्यातील वेळासचे. २००२ पासून तेथे सागरी कासवांच्या घरट्यांचे रक्षण होऊ लागले. पिल्ले समुद्रात जाताना पाहायला येणारे पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरतात, घरचेच जेवतात. पाहुण्यांचा पैसा गावात राहतो आणि कासव वाचवण्यात गावाचे हित असते. १९७५ साली स्थापन झालेल्या राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेचा हेतू याहून वेगळा नाही. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्यानंतरच्या काळात या योजनेला जितकी माया मिळायला हवी होती, तितकी ती मिळालेली नाही.

कोकणाने या प्रश्नाचे उत्तर एकदा देशाला दिले आहे. राजापूरचे खासदार मधु दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी घातली. पहिल्या वर्गाची गादी काढून घेण्याची गरज त्यांना भासली नाही. पुढे जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला. सुट्टीच्या प्रश्नावरही समाजवादी दृष्टी हीच असली पाहिजे. फुकेतला जाणाऱ्याची वाट अडवण्यात पुरुषार्थ नाही. तारकर्लीला जाणाऱ्याची वाट सुखाची करणे, आणि आजवर कोठेच न गेलेल्याला तारकर्लीपर्यंत पोहोचवणे, हे खरे काम आहे.

त्यासाठी कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच कामाला लागावे. किनाऱ्यापर्यंत एस.टी. जाते का, अनारक्षित डबे पुरेसे आहेत का, सार्वजनिक स्वच्छतागृह आणि जीवरक्षक आहेत का, समुद्राकडे जाणारी जुनी पायवाट कोणाच्या कुंपणात गेली आहे का, याची गाववार नोंद करून ग्रामसभेत मांडावी. होड्या ओढून ठेवण्याची आणि मासळी सुकवण्याची जागा किनारा आराखड्यात नोंदवून घ्यावी. बचत गटांतील स्त्रियांना पाहुण्यांच्या निवासाचे परवाने आणि कर्ज सुलभपणे मिळावे यासाठी जिल्हा कचेरीचा पाठपुरावा करावा. आणि शहरांतील कामगार संघटनांनी बोनसच्या मागणीइतक्याच हिरिरीने कंत्राटी व घरेलू कामगारांच्या पगारी रजेची मागणी पुढे रेटावी. संविधानाने मान्य केलेली फुरसत त्या कामगाराच्या हाती पडेल, तेव्हा कोणत्या समुद्राला जायचे हे त्याचे कुटुंब त्याचे तो ठरवील.