काम नसताना ध्रुव६४ काय करतो?

डिसेंबर २०२५ मध्ये सी-डॅकचा ध्रुव६४ हा स्वदेशी प्रोसेसर जाहीर झाला. ६४ बिट, दोन कोअर, १ गिगाहर्ट्झ हे आकडे सर्वत्र झळकले आणि ते अभिमानास्पदच आहेत. मात्र काम नसताना हा प्रोसेसर किती वीज घेतो, हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. वस्तुतः बहुतेक प्रोसेसरांचे बरेचसे आयुष्य वाट पाहण्यातच सरते.

आणि वाट पाहणे फुकट नसते. विंडोज ९५ रिकाम्या वेळी प्रोसेसरला निरर्थक फेऱ्या मारायला लावत असे. थांबण्याची आज्ञा प्रोसेसरमध्ये होती, पण प्रणाली ती देतच नव्हती; जाणकार मंडळी त्यासाठी बाहेरचे छोटे प्रोग्रॅम बसवीत. सिलिकॉनमध्ये सोय असणे आणि ती वापरली जाणे, यांतील अंतर तेव्हापासूनचे आहे.

आज निद्रेच्या अनेक पायऱ्या असतात. वरच्या पायरीवर केवळ घड्याळाचे ठोके थांबतात. खालच्या पायरीवर कॅशे रिकामी होते, कोअरचा वीजपुरवठाही तुटतो. खोल निद्रेत बचत अधिक, परंतु तिथे उतरण्यास आणि परतण्यास वेळ व ऊर्जा लागते. झोप अल्प ठरली तर बचतीऐवजी तोटाच. म्हणून पुढची जाग केव्हा येईल याचा अंदाज प्रणालीला बांधावा लागतो. टायमरची वेळ ठाऊक असते. कळ केव्हा दाबली जाईल वा नेटवर्कवरून निरोप केव्हा येईल, हे ठाऊक नसते. लिनक्स मागील विश्रांतींच्या कालावधींवरून अटकळ बांधते. पूर्वी तर ती प्रोसेसरला सेकंदाला शेकडो वेळा उगीचच उठवी. २००७ च्या २.६.२१ आवृत्तीपासून रिकाम्या प्रोसेसरमागचा हा ससेमिरा सुटू लागला आणि २००८ च्या २.६.२४ मध्ये ‘सीपीयूआयडल’ ही स्वतंत्र व्यवस्था आली. वेंकटेश पल्लिपाडी व सहकाऱ्यांनी तिच्यावरील निबंधाच्या शीर्षकातच म्हटले होते: काहीही करू नका, पण कार्यक्षमतेने.

ध्रुव६४ ज्या रिस्क-फाइव्ह कुळातला आहे, तिथे एक मौज आहे. व्यत्यय येईपर्यंत थांबण्याची आज्ञा त्यात आहे, पण नियमानुसार चिप घडवणाऱ्याने ती निष्क्रिय ठेवली तरी चालते! खोल निद्रेचा मार्ग लिनक्समध्ये २०२२ साली, ५.१८ आवृत्तीत, अनुप पटेल यांच्या कामामुळे खुला झाला. आता उरते ते प्रत्येक चिपसाठीचे काम: फर्मवेअर लिहिणे, प्रत्येक पायरीवर उतरण्या-चढण्याचे मायक्रोसेकंद मोजणे, किमान किती झोप परवडते याचा तक्ता प्रणालीला देणे. हे काम कंटाळवाणे आहे. त्याची फीत कापली जात नाही.

रायपूरकरांना हा विषय परका नाही. मे २०२५ मध्ये नवा रायपूर येथे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. लुइझ बारोसो आणि उर्स होल्झले यांनी २००७ मध्ये दाखवले होते की सर्व्हर बहुधा १० ते ५० टक्केच भारावर चालतात, आणि कार्यक्षम सर्व्हरही रिकामा असताना कमाल विजेच्या सुमारे निम्मी वीज घेतो. तेव्हापासून यंत्रे सुधारली. प्रश्न मिटलेला नाही. छत्तीसगडची वीज मुख्यतः कोळशाची. रिकाम्या यंत्राची उष्णता बाहेर काढण्यास पुन्हा वीज लागते. मे महिन्यात शंकर नगरातल्या घरोघरी कूलर आणि एसी सुरू असतात, त्याच काळात हा दुहेरी भार वाढतो.

निद्रेतून उठण्याचा विलंब परवडत नाही म्हणून काही सर्व्हरचालक खोल पायऱ्या बंदच ठेवतात. जिथे मायक्रोसेकंदाला मोल आहे, तिथे ते योग्यही आहे. सरसकट सगळीकडे तसे करणे हा मात्र आळस होय.

ध्रुव६४ सी-डॅकचा, आणि ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणालीही सी-डॅकचीच. चिप एकाची, प्रणाली दुसऱ्याची, ही सबब इथे चालणार नाही. यापुढील प्रत्येक स्वदेशी प्रोसेसरच्या घोषणेत गिगाहर्ट्झच्या शेजारी आणखी एक आकडा छापला जावा: ‘बॉस’ चालू आहे, काम काही नाही, अशा स्थितीत किती वॅट.