पारा उतरला, धोका उतरला काय?

चैत्र-वैशाखातील भिलाई-दुर्गच्या हवामानवृत्तात एक शब्द हटकून भेटतो: 'दिलासा'. दुपारपर्यंत चाळिशीच्या आसपास गेलेला पारा सायंकाळच्या वादळी पावसाने काही अंशांनी उतरतो आणि बातमीचा मथळा ठरतो, 'उकाड्यापासून दिलासा'. मराठी मनाला तर वळवाच्या पावसाचे कौतुक उपजतच आहे. पण ज्या घटनेला हा मथळा सुखद म्हणतो, तीच घटना माणसे मारते, हे त्या बातमीत क्वचितच लिहिलेले असते.

वसंतात छत्तीसगडच्या तापलेल्या जमिनीवर वायव्येकडील कोरडी हवा आणि बंगालच्या उपसागरावरून येणारे बाष्प एकत्र येतात. उष्ण हवा वेगाने वर चढते, उंच ढग उभे राहतात. त्यांतून पडणारे थेंब खालच्या कोरड्या हवेत विरताना तिची उष्णता शोषून घेतात; थंड, जड झालेली हवा जमिनीवर कोसळते आणि चहूकडे पसरते. झाडे उन्मळवणारा सोसाटा आणि अंगाला सुखावणारा गारवा ही एकाच हवेची दोन रूपे आहेत. त्याच ढगातून वीजही पडते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात विजेने 2,887 बळी घेतले. नैसर्गिक आपत्तींतील एकूण मृत्यूंच्या तिसऱ्या हिश्श्याहून हे अधिक आहेत.

देशाकडे विज्ञान नाही, असे नव्हे. 2024 मध्ये 'मिशन मौसम'साठी 2,000 कोटी रुपये मंजूर झाले. 2025 मध्ये सहा किलोमीटर जाळीची भारत पूर्वानुमान प्रणाली सुरू झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विजेची सूचना देणारे 'दामिनी' ॲप आधीच लोकांच्या हाती दिले आहे. हवामान विभाग पुढील तीन तासांचा जिल्हावार इशाराही देतो. प्रश्न त्यापुढचा आहे: दुर्ग जिल्ह्याला नारिंगी इशारा मिळाल्यावर काम थांबवण्याचे बंधन नेमके कोणावर?

1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून घडलेल्या या पोलादनगरीला धोक्याचे संकेत नवे नाहीत. भट्टीपाशी संकेत मिळाला की हात थांबतात. तिथे तो सल्ला नसतो, आदेश असतो. कारखान्याच्या भिंतीबाहेर मात्र परातीवर चढलेला गवंडी, उन्हाळी धानाच्या शेतातील मजूर आणि लग्नाचा मांडव घालणारा कामगार यांच्यापर्यंत तोच संकेत निव्वळ सल्ला म्हणून पोहोचतो, आणि सल्ला पाळला तर मजुरी बुडते.

अंदाज चुकतात, दर इशाऱ्याला काम थांबवणे परवडणारे नाही, असा आक्षेप घेतला जातो. पण मागणी दिवस बुडवण्याची नाहीच. गडगडाट ऐकू येताच पक्क्या इमारतीत आसरा घ्यावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये, हा जगभर मान्य असलेला नियम आहे. तेवढ्या वेळाची मजुरी मालकाने भरावी, असा लेखी आदेश जिल्हा प्रशासनाने काढला, तर कोट्यवधींच्या त्या अंदाजाला काही अर्थ उरेल. आणि वृत्तसंपादकांनी पारा किती उतरला हे सांगण्याआधी, त्या सायंकाळी वीज कुठे पडली आणि कोणावर, हे सांगावे.