अंगणात मोठं झाड आणताना

घर बांधून झालं, रंग लागला, गेट बसलं की अंगण ओकंबोकं वाटू लागतं. मग घराघरांत एकच बोलणं निघतं. रोपटं लावून आठ-दहा वर्षं कोण वाट बघणार? नर्सरीत पंधरा फुटी कडुनिंब तयार मिळतो. क्रेननं आणून उभा केला की झाली सावली! बोलणं ऐकायला सोपं आहे, पण झाड म्हणजे कपाट नव्हे. जागेवर ठेवलं म्हणजे काम संपलं, असं होत नाही.

झाडाचा जमिनीवरचा भाग आपल्याला दिसतो. त्याला पाणी पुरवणारी बारीक मुळं मात्र वरच्या दीड-दोन फूट मातीत, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. मोठं झाड खणून काढताना त्यांतली बहुतेक मागे राहतात. पानं तेवढीच आणि मुळं थोडी, अशा अवस्थेत ते आपल्या दारात येतं. मुंबईत मेट्रोच्या कामासाठी यंत्रं लावून हलवलेली बरीच झाडं नंतर वाळून गेली, तिथे आपण तर साधी माणसं.

तरीही मोठंच झाड हवं असेल तर आधी त्याच्या मुळाशी बघा. ढोबळ नियम असा: खोडाच्या जाडीच्या दहा ते बारा पट रुंद मातीचा गोळा हवा. खोड 4 इंच जाड असेल तर गोळा 40 ते 48 इंचांचा. त्याचं वजन पाऊण-एक टन भरतं. एवढ्या झाडाखाली दोन फुटी गोळा दिसला तर पैसे देऊ नका. झाड पिशवीत वाढवलेलं असेल तर मुळं आतल्या आत गोल फिरलेली नाहीत ना, ते पाहा. फिरलेली थोडी असतील तर लावताना कापून मोकळी करा. सगळा गोळाच वेटोळ्यांचा असेल तर दुसरं झाड निवडा.

खड्डा गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद करा, पण गोळ्याच्या उंचीपेक्षा खोल नको. खोड जिथे मुळांकडे रुंदावतं तो भाग जमिनीच्या पातळीवर राहिला पाहिजे. प्लॅस्टिक आणि दोऱ्या काढून टाका. आधाराचे बांबू सैल बांधा आणि वर्षभरानं सोडा. वाळक्या पाल्याचा तीन-चार इंच थर आळ्यात पसरा, फक्त खोडाला टेकवू नका. पहिल्या वर्षी रासायनिक खताचा मारा नको. भिंत, शौचालयाची टाकी आणि पाण्याची लाइन यांपासून पंधरा-वीस फूट अंतर ठेवा. वड, पिंपळ आणि उंबर जागा बदलली तरी लवकर मुळं फोडतात, पण त्याच ताकदीनं ते भिंतीही फोडतात. छोट्या अंगणात ते नकोत.

आता खरा प्रश्न पाण्याचा. अशा झाडाला निदान दोन उन्हाळे आठवड्यातून दोन-तीन वेळा तीस-चाळीस लिटर पाणी सावकाश मुरवावं लागतं. जिथे नळ आठवड्यातून एकदा येतो, तिथे हे पाणी कोण आणणार? बहुतेक घरांत झाड आणण्याचा निर्णय पुरुष घेतात आणि बादल्या सुना-मुली उचलतात. म्हणून हा निर्णय त्यांना विचारूनच व्हावा. एक सोय मात्र आपल्या घरात आहेच. पाच माणसांच्या घरात दिवसाला पंधरा वुजू आणि प्रत्येकी दोन लिटर पाणी धरलं, तर तीस लिटर होतात. साबण न मिसळलेलं हे पाणी पाइप टाकून आळ्यात सोडलं तर बादल्यांचं ओझं पुष्कळ कमी होईल.

हा सगळा हिशेब ऐकून आमच्या शाळेतले एक पालक गप्प झाले. मग म्हणाले, "सर, वालिदांच्या नावानं झाड लावायचंय. अम्मी सत्तरीच्या आहेत. रोपटं लावलं तर त्यांना सावली कधी मिळणार?" या प्रश्नाला नियमांनी उत्तर देता येत नाही. मी त्यांना दोन झाडं सुचवली. पावसाच्या तोंडाशी शेवग्याची मनगटाएवढी जाड, चार-पाच फूट लांब फांदी रोवायची. ती सहज जगते, वर्षभरात डोक्यावर जाते आणि शेंगाही देते. सावली विरळ, पण खाटेपुरती मिळते. तिच्यापासून दहा-बारा फुटांवर कडुनिंबाचं हातभर रोप लावायचं. रोपाचं सोटमूळ शाबूत असतं, म्हणून ते पहिल्या दिवसापासून खाली जातं. मोठं आणलेलं झाड पहिली वर्षं तुटलेली मुळं भरून काढण्यात घालवतं. तोवर रोप बरंच अंतर कापतं, आणि पुष्कळदा त्याला गाठतं. शेवगा थकेल तोवर कडुनिंब सावली धरू लागतो.

घर बांधताना अंगणातलं जुनं झाड आड येत असेल तर कुऱ्हाड मागवण्याआधी नकाशा चार फूट सरकतो का, ते पाहा. शहराच्या हद्दीत 1975 च्या कायद्यानुसार स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. हलवायचं असेल तरी आधी तिथेच विचारा. ज्याची मुळं आधीच आपल्या मातीत रुजली आहेत, त्याच्याइतकं स्वस्त मोठं झाड कोणत्याच नर्सरीत मिळत नाही.