फी सोडून बाकीचा खर्च

दहावीचे निकाल लागले की वस्तीतल्या बायका मुलींना घेऊन विचारायला येतात. "ताई, हिला आयटीआयला घालू का? खर्च किती येईल?" खर्च म्हणजे त्यांच्या मनात फी असते. सरकारी आयटीआयची फी खाजगी संस्थेच्या मानाने कितीतरी कमी, त्यामुळे उत्तर सोपं वाटतं. पण मुलीच्या शिक्षणाच्या हिशेबात फी हा बहुतेक वेळा सर्वांत लहान आकडा असतो.

मुलगी घरात रिकामी बसलेली नसते. धरून चला, ती महिन्यातले पंधरा दिवस 300 रुपये रोजाने खुरपायला जाते. महिन्याला 4,500 रुपये झाले. इलेक्ट्रिशियन किंवा फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. तेवढ्या काळात घरात येणारे 1 लाख 8 हजार रुपये बंद होतात. शिवाय पाणी, भाकरी, धाकट्या भावंडांना सांभाळणं हे ती करत होती. ते आता आई करते आणि आईचाही रोज बुडतो. कुठल्याही माहितीपत्रकात हे छापलेलं नसतं. मुलाचा बुडालेला रोज पुढे भरून निघेल असं घर धरून चालतं. मुलीची कमाई मात्र सासरी जाणार हे आधीच ठरलेलं असतं, म्हणून तिचा बुडालेला रोज तेवढा टोचतो.

मग तडजोड निघते ती शिवणाची. अभ्यासक्रम एका वर्षाचा, वर्गात मुलीच मुली, घरचेही निर्धास्त. शिवणयंत्रावर किती एकट्या बायकांनी संसार ओढला आहे हे आपण जाणतो, तेव्हा या कामाला नावं ठेवण्याचा प्रश्नच नाही. पण पुढच्या कमाईचा हिशेब मांडून पाहा. घरी बसून काम घेतलं तर मजुरी नगावर मिळते. यंत्र तिचं, दोरा तिचा, वीजबिल तिचं, आणि शिवण उसवावी लागली तर तो वेळही तिचाच. एवढं वजा केल्यावर हातात काय उरतं ते पाहिलं, तर खुरपणीचा रोज बरा म्हणायची वेळ येते. स्वस्त म्हणून घेतलेलं शिक्षण असं महाग पडतं.

महाराष्ट्रातल्या आयटीआयमध्ये 30 टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत, आणि त्या फक्त शिवण आणि ब्युटी पार्लरच्या नाहीत. वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन झालेली मुलगी महावितरणच्या विद्युत सहायक पदासाठी अर्ज करू शकते. खांबावर चढून तारा जोडणाऱ्या बायका आज आपल्या राज्यात आहेत. कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून गेली, तर 2019 च्या नियमांनी आयटीआय झालेल्यांना महिना किमान 7,000 रुपये विद्यावेतन ठरवून दिलं. रक्कम मोठी नाही, पण ती नियमाने ठरलेली आहे. कमी दिली तर भांडायला कागद हातात असतो. नगावर शिवणाऱ्या बाईच्या हातात कसला कागद असतो?

ही वाट सोपी आहे असं मी कुणाही आईला सांगत नाही. एसटीत 17 मार्च 2023 पासून बायकांना निम्मं तिकीट आहे, पण संध्याकाळचं प्रात्यक्षिक संपल्यावर गावाकडे जाणारी गाडीच नसेल तर सवलत काय कामाची? कार्यशाळेत मुलींसाठी धड संडास नसेल तर मुलगी दिवसभर पाणी पीत नाही. रात्रपाळीचं कारण तर मालकांच्या तोंडात तयारच असतं. 1948 च्या कारखाना कायद्याने बायकांना संध्याकाळी सातनंतर काम करायला बंदी घातली होती, आणि 2020 च्या संहितेने त्यांच्या संमतीने आणि सुरक्षिततेच्या अटींवर ते काम खुलं केलं. पण संमती दिलेल्या मुलीला रात्री अकराला घरी कोण पोचवणार, हे फाटकावरच ठरवून घ्यावं लागतं. एकट्या मुलीला ते जमत नाही. आपली संघटना लागते ती इथे.

खाजगी संस्थांबद्दल थोडं कडक बोलायला हवं. 'शंभर टक्के नोकरी' अशी पाटी लावून नर्सिंगच्या नावाखाली चालणारे काही वर्ग आहेत. त्यांच्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होणार नसेल, तर ती मुलगी परिचारिका होत नाही. दवाखान्यातली कमी पगाराची मदतनीस होते, आणि आईने गहाण टाकलेली पोत सोडवायलाच तिचे पहिले पगार जातात. पैसे भरण्याआधी मान्यतेचा कागद मागा. तो दाखवायला जो टाळाटाळ करेल, त्याच्या दारातून परत या.

यंदा प्रवेश सुरू होण्याआधी प्रत्येक गटाने आपल्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये जाऊन प्राचार्यांना भेटावं. किती जणांना नोकरी लागली हे ते सांगतीलच. आपण पुढचं विचारायचं: त्यात मुली किती? कुठल्या ट्रेडच्या? कंपनीच्या पटावर की कंत्राटदाराच्या? वर्षानंतर त्यातल्या किती कामावर राहिल्या? नोंद ठेवलेली नसेल तर या वर्षीच्या तुकडीपासून ठेवा, अशी लेखी मागणी द्यावी आणि तिची पोच घेऊन यावं.