जुन्या गाडीला तिच्या मापाचे चाक

पुण्या-मुंबईत दहा-बारा वर्षे वापरून झालेल्या मोटारी पुढे कुठे जातात, हा प्रश्न शहरातल्या माणसाला सहसा पडत नाही. त्यांतल्या बऱ्याच नगर रस्त्याने शिरूरला येतात आणि सोलापूर रस्त्याने दौंडला. येथे त्यांचे दुसरे आयुष्य सुरू होते. उसाचे बिल हातात पडले, कांद्याला बरा भाव मिळाला, की वाडीवरच्या घरात पहिली चारचाकी येते. आणि आपली ही पहिली चारचाकी बहुधा कुणाची तरी उतरलेली असते. त्यात कमीपणा काहीच नाही. दवाखाना, लग्नकार्य, मुलांची परीक्षा या साऱ्याला तीच उपयोगी पडते.

बँकेच्या नोकरीत शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत मी काही वर्षे काढली. बँकेकडे तारण असलेल्या वाहनांची तपासणी हा त्या नोकरीचाच एक भाग होता. पुढे एका कादंबरीच्या निमित्ताने गॅरेजांत आणि टायरच्या दुकानांत तासन्‌तास बसणे झाले. दोन्ही वेळी एक गोष्ट सारखीच दिसली. गाडी घेताना माणसे रंग बघतात, इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकतात, कागदपत्रे उलटसुलट तपासतात. गाडी घरी आली की सीटना नवी कव्हरे येतात, गाण्यांचे यंत्र येते, आणि हौस फारच असली तर चकचकीत अलॉय चाके येतात. पण टायरच्या कडेवर छापलेला मजकूर वाचणारा माणूस मला क्वचितच भेटला. जुन्या गाडीवरचा पहिला खर्च चाकांवर करावा आणि तो हौसेने नव्हे, मापाने करावा, एवढेच मला आज सांगायचे आहे.

मापाची ही गोष्ट आपल्या मुलखाला नवी नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच उमगेल. सुतार आधी चाकाचा घेर मोजून घेई. धाव त्या घेरापेक्षा किंचित लहानच ठेवीत. मग गोवऱ्यांच्या आरात ती लालभडक तापवायची. तापून फुगली की सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचे. लोखंड आवळले जाई, त्याबरोबर तुंबा, आरे आणि परिघाचे लाकडी तुकडे एकजीव होत. धाव ढिली राहिली तर उन्हाळ्यात लाकूड सुकताच ती निसटे. फार आवळली गेली तर आरे वाकत. म्हणजे मोठे नको आणि लहानही नको, जेवढ्यास तेवढेच हवे. ज्या सुताराने कधी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, त्याला हे पक्के ठाऊक होते.

पुढे रबरी टायरची गाडी आली. डनलॉप या स्कॉटिश गृहस्थाने १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनवला, आणि त्याचे नाव आपल्या शेतकऱ्याने थेट बैलगाडीलाच देऊन टाकले. ऊस वाहणारी टायरची गाडी म्हणजे ‘डनलॉप’. नाव आले, पण मापाची जुनी शिस्त मात्र सुताराच्या कामठ्यातच राहून गेली.

आता ते टायरच्या कडेवरचे आकडे. मारुती ८०० च्या टायरवर १४५/७० आर १२ असे लिहिलेले असते. १४५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी, आणि १२ हा रिमचा व्यास इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तिहेरी भाषा असल्यामुळे माणूस बिचकतो. पण हिशेब पाचवीच्या मुलाचा आहे. भिंतीची उंची १०१.५ मिलिमीटर, वरची आणि खालची मिळून २०३. बारा इंच म्हणजे ३०४.८. एकूण चाकाची उंची सुमारे ५०८ मिलिमीटर. आता कुणी हौसेने तेरा इंची रिमवर १५५/६५ चे टायर चढवले, तर हीच उंची ५३२ च्या घरात जाते. फरक जेमतेम इंचभर दिसतो, पण टक्क्यांत तो पावणेपाचच्या आसपास आहे. काट्यावर साठ दिसत असताना गाडी जवळजवळ त्रेसष्टने पळते. चढावर इंजिन लवकर दमते, ब्रेकला जास्त बळ लागते आणि गाडी माणसांनी भरली की खड्ड्यात टायर मडगार्डला घासू लागतो. मूळ उंचीपासून दोन-तीन टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा एक ढोबळ दंडक आहे. तो पाळला तर बरीच दुखणी टळतात.

याहून जुन्या गाड्यांचे आकडे वेगळे. प्रीमियर पद्मिनीला ५.२०-१४, अँबॅसडरला ५.९०-१५, जुन्या जीपला ६.००-१६. येथे रुंदीही इंचांतच आणि भिंतीच्या उंचीचा उल्लेखच नाही; कारण त्या काळच्या आडव्या-तिरक्या धाग्यांच्या टायरची उंची रुंदीच्या जवळपासच असे. अशा गाडीला आजचा रेडियल टायर निवडताना पुस्तकापेक्षा खडू आणि टेप कामाला येतात. मूळ मापाच्या टायरवर आणि खाली जमिनीवर खडूची खूण करावी, गाडी सरळ ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्यावा आणि दोन खुणांतले अंतर मोजावे. नव्या टायरचा फेरा त्याच्या जवळ यायला हवा. आणि एक पथ्य कटाक्षाने पाळावे : एकाच आसावर एका बाजूला रेडियल व दुसऱ्या बाजूला जुन्या बांधणीचा टायर कधीही लावू नये. दोघांची रस्ता धरण्याची रीत वेगळी असते. पावसात वळणावर त्यांचे भांडण होते आणि खड्ड्यात आपण जातो.

पद्मिनीचा विषय निघाला म्हणून सांगतो. ती बनवणारी प्रीमियर कंपनी १९४४ साली वालचंद हिराचंदांनी काढली. दौंडच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर ज्यांच्या नावाचे, तेच हे वालचंद. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादा संपून रस्त्यावरून उतरली. आणि पद्मिनी मुळात ज्या फियाटची, त्या फियाटचा कारखाना कुर्ल्याहून आला तो कुठे, तर आपल्या शिरूर तालुक्यात, रांजणगावला, महागणपतीच्या शेजारी. फियाटचे नाव मिरवणाऱ्या गाड्या आता तिथे बनत नाहीत. त्याच आवारातून २०१७ पासून जीप कंपास बाहेर पडू लागली. पण जुन्या पालिओ आणि युनो अजून लोकांच्या दारात आहेत, आणि नेमक्या त्यांच्याच बाबतीत चाकाचे माप किती बारकाईने पाहावे लागते, ते कळते.

चाकाला चार बोल्ट असतात. समोरासमोरच्या दोन बोल्टांच्या मध्यांतले अंतर गाडीगणिक वेगळे. पुष्कळ छोट्या गाड्यांचे ते १०० मिलिमीटर असते. मारुती ८०० चे ११४.३, युनो आणि पालिओचे ९८. यातला ११४ चा घोटाळा कधी होत नाही, कारण ते चाक बसतच नाही. घात होतो तो ९८ आणि १०० मध्ये. शंभरचे चाक अठ्ठ्याण्णवच्या हबवर बसल्यासारखे होते. पहिला बोल्ट सरळ जातो, उरलेले जोर लावल्यावर जातात. पान्याला सगळे घट्टही लागतात. पण प्रत्येक बोल्ट थोडा तिरका ओढलेला असतो. चाक मध्यावर बसत नाही, स्टिअरिंग थरथरते, बोल्ट सैल होत जातात आणि एखादा तुटतोही. जे मुळीच बसत नाही त्याचे भय नसते; जवळजवळ बसते त्याचे असते.

तसेच रिमच्या खोलीचे. रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबवर टेकणारा भाग यांत किती अंतर आहे, यावर चाक गाडीच्या आत राहणार की बाहेर डोकावणार, हे ठरते. बाहेर डोकावणारे रुंद चाक फोटोत पैलवानासारखे दिसते. पण ते बेअरिंगवर भलत्या जागी भार टाकते, आणि जुन्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नसेल तर चालवणाऱ्याचे खांदे भरून येतात. बारीक भिंतीचे टायर आपल्याकडच्या खड्ड्यांत रिमला वाचवू शकत नाहीत. जाड भिंतीचा, साधा, अरुंद टायर दिसायला गरीब असतो. गावरस्त्यावर तोच खरा सोबती.

कायद्याचेही तेच म्हणणे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितले. कंपनीने त्याच मॉडेलला जी मापे मान्य केली आहेत, ती गाडीच्या पुस्तकात किंवा दारावरच्या पट्टीवर असतात. दुकानात शिरण्यापूर्वी ती कागदावर उतरवून घ्यावीत.

माप झाले, आता मुदत. बँकेत उमेदवारी केलेल्या माणसाची नजर आधी तारखेवर जाते. टायरलाही तारीख असते. कडेवर एका चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असतील तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. तीनच आकडे दिसले तर तो गेल्या शतकातला समजावा. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराला दाखवावा आणि दहा वर्षांनंतर, नक्षी कितीही ठळक असो, काढून टाकावा, असा सल्ला नामांकित कंपन्या देतात. आपल्या भागात हे जास्तच लागू पडते. वाडीवरची गाडी रोज पळत नाही; जत्रेला, लग्नाला, तालुक्याच्या कामाला निघते आणि बाकीचे दिवस उन्हात उभी असते. त्यामुळे नक्षी झिजत नाही, पण रबर कडक होते, भिंतीला बारीक चिरा पडतात. ‘टायर अजून नवे आहेत’ असे मालक छातीठोक सांगतो, आणि त्याच्या दृष्टीने ते खरेही असते. स्टेपनी तर अनेकदा गाडीच्या जन्मापासूनची. त्याच मजकुरात वजनाचाही आकडा असतो : ६९ म्हणजे एका टायरवर ३२५ किलो, ७५ म्हणजे ३८७. सहा माणसे आणि आहेराची भांडी घेऊन निघताना या आकड्याची आठवण ठेवावी.

गळिताच्या हंगामात रात्री शिरूरहून न्हावरे-चौफुला मार्गे दौंडकडे जाऊन पाहा. पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागे दिवा असेल-नसेल. रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्या. समोरून येणाऱ्याचा झगझगीत उजेड. अशा वेळी ब्रेक दाबला की सारी मदार चार जागांवर असते, आणि त्यांतली प्रत्येक जागा जेमतेम तळहाताएवढी. गाडीचे वजन, आत बसलेले घर, आपली वर्षांची पुण्याई, सारे त्या चार तळहातांवर.

यावर एक उत्तर मला नेहमी ऐकू येते. एका तरुण शिक्षकाने गाडी दाखवायला आणली तेव्हा तोही हेच म्हणाला : “काका, गाडीची किंमत ती काय, अन्‌ तिच्या टायरवर एवढा खर्च? दोन-तीन वर्षांत काढायचीच आहे.” हिशेब त्याच्या जागी वाजवी होता. पगारातून हप्ते फेडणाऱ्या माणसाला उधळपट्टीचा उपदेश मी करणार नाही. पण हा हिशेब गाडीचा आहे. घसारा गाडीवर धरतात. आत बसलेल्या बायकामुलांवर घसारा धरायची पद्धत कुठल्याच खातेवहीत नाही. शिवाय मूळ मापाचे साधे टायर हौसेच्या अलॉय संचापेक्षा स्वस्तच पडतात. पैसे नाहीत म्हणून चुकीचे चाक बसते, असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा पैसे असतात, ते भलतीकडे जातात.

मात्र सगळा भार गाडीवाल्यावर टाकून चालणार नाही. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, ऑल्टो ८०० चे २०२३ मध्ये. बारा इंची टायर लागणारी नवी गाडी दुर्मीळ होत गेली, की दुकानदार म्हणणारच, ‘साहेब, तेराचेच टाका.’ गाड्या रस्त्यावर आहेत तोवर त्यांची मापे बाजारात राहतील, हे टायर कंपन्यांनी पाहिले पाहिजे. दुकानदाराने बिलावर माप आणि तारखेचे चार आकडे लिहावेत. गिऱ्हाइकानेही त्याशिवाय पैसे देऊ नयेत. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण होताना गाडी तपासली जाते, तिथे चाकांचे माप मूळ तपशिलाशी ताडून पाहिले जावे. आणि माझ्या जुन्या व्यवसायबंधूंना, बँकांतल्या आणि पतसंस्थांतल्या, एक सुचवणे आहे. जुन्या वाहनावर कर्ज देताना मूल्यांकनाच्या कागदात टायरसाठी दोन रकाने वाढवा : माप आणि मुदत. रकाना असला की तो भरावा लागतो, आणि भरायचा म्हणून का होईना, कुणीतरी वाकून टायर वाचतो. कागदाचा एवढा उपयोग झाला तरी पुष्कळ.

आज रविवार आहे. दारात जुनी गाडी उभी असेल तर चहा झाल्यावर चाळिशी लावून पाच मिनिटे तिच्याभोवती फिरा. चारही टायरचे माप आणि त्यांवरचे चार आकडे वहीत लिहा, स्टेपनीचेही लिहा, आणि गाडीच्या पुस्तकाशी ताडून पाहा. जुळले तर निर्धास्त राहा. न जुळले तर पुढच्या प्रवासाआधी, सीट कव्हरांच्या आधी, तेवढे काम करून घ्या.