तिकिटावरचे तास आणि खरे तास

बाबासाहेब १९१३ साली उच्च शिक्षणासाठी बोटीने निघाले व जुलैत न्यूयॉर्कला पोहोचले. आज मुंबईहून हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला साधारण १६ तास लागतात.

समजा, तिकिटावर रात्री १ ला सुटणार, सकाळी ७.३० ला पोहोचणार असे छापले आहे. तो साडेसहा तासांचा प्रवास नव्हे. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. न्यूयॉर्कचे घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. शिवाय वाशीम ते मुंबई रात्रभराचा प्रवास व विमानतळावरचे तीन तास वेगळेच.

लेक शिकायला निघाली की तिचा फोन येईपर्यंत आईच्या डोळ्याला डोळा लागत नाही. म्हणून आम्ही सुचवतो, हा हिशेब आईला आधीच समजावून सांगा.